एचआयव्ही आणि आयुर्मान: '७८ वर्षं' हा आकडा कुणाचा, आणि तो कुठे गळतो?

पांढरपेशी (धागाकर्ती)

आरोग्य विभागातल्या दुसऱ्या एका धाग्यावर दोन वाक्यं एकाखाली एक आली. "एचआयव्ही झाला म्हणजे फार तर दहा वर्षं" आणि "आता त्याचं काही नाही, बीपीसारखीच रोज एक गोळी". दोन्ही अर्धवट आहेत. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

दहा वर्षांचं आधी. औषध न घेता विषाणू शिरल्यापासून एड्सच्या टप्प्यापर्यंत सरासरी आठ-दहा वर्षं जातात आणि पुढे बहुधा एक-दोन. तो आकडा तिथला. १९८७ मध्ये झिडोव्हुडिन आलं, पण एकट्या औषधाला विषाणू काही महिन्यांत सरावायचा. पारडं फिरलं १९९६ मध्ये. तीन औषधं एकदम दिली तर रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली जातो आणि तसाच राहतो, हे त्या वर्षीच्या व्हँकुव्हर परिषदेत पुढे आलं.

आता ७८. हा आकडा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा. युरोप आणि उत्तर अमेरिकेतले १८ गट, ८८,५०४ रुग्ण. ज्यांनी २००८ ते २०१० दरम्यान विसाव्या वर्षी औषध सुरू केलं, त्यांचं अपेक्षित आयुष्य सुमारे ७८ वर्षं निघालं, म्हणजे तिथल्या इतर लोकांच्या जवळपास. बातम्यांत एवढंच छापून आलं. अटी राहिल्या: पहिलं वर्ष पार पडलेलं हवं आणि त्या वर्षाअखेर सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) ३५० च्या वर हवा. शिवाय नशेच्या सुईतून लागण झालेले लोक त्यात धरलेच नव्हते.

माझ्या मते त्याहून बोलका हिशेब २०२३ चा आहे. दोन लाखांहून जास्त रुग्ण, आणि प्रश्न असा की चाळीस वर्षांच्या माणसाला पुढे किती वर्षं? सर्वसाधारण पुरुषाला सुमारे ४१, बाईला ४६. २०१५ नंतर औषध सुरू केलेल्यांत, वर्षभराच्या उपचारानंतर सीडी४ ५०० च्या वर असेल तर पुरुषाला ३९, बाईला ४२. आणि सीडी४ ५० च्याही खाली असेल तर पुरुषाला २४, बाईला २५.

म्हणजे एचआयव्ही असणं-नसणं यातला फरक दोन ते चार वर्षांचा, आणि वेळेवर आलेला-उशिरा आलेला यातला फरक पंधरा-सतरा वर्षांचा. चर्चा या दुसऱ्या फरकावर व्हावी अशी इच्छा आहे.

---

सातबारा

धागा चांगला आहे, पण आकडे सगळे गोऱ्यांचे. आपल्याकडे टीबी घरोघरी. आणि दुसरं, उशिरा येणं धोक्याचं हे माहीत होतं तर २००४ मध्ये सरकारच सीडी४ २०० च्या खाली जाईपर्यंत गोळ्या का देत नव्हतं? लोक आपणहून उशिरा आले असं म्हणणं अर्धसत्य आहे.

---

मोगरा७

सातबारा, दुसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

भारतात मोफत एआरटी (एचआयव्हीचे हे एकत्रित औषधोपचार) सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, देशभरात फक्त आठ सरकारी संस्थांमध्ये. मुंबईचं जेजे त्यातलं एक. तेव्हा २०० ची अट होती याची कारणं दोन. एक, गोळ्या मोजक्या होत्या, त्यामुळे आधी मरणाच्या दारातल्यांना. दोन, तेव्हाच्या गोळ्या खरोखर त्रासदायक होत्या. स्टॅव्ह्युडिनने गाल बसायचे, पायांची आग व्हायची. झिडोव्हुडिनने हिमोग्लोबिन उतरायचं. नेव्हिरॅपिनने अंगावर पुरळ, कधी यकृताला मार. धडधाकट दिसणाऱ्या माणसाला असलं औषध आयुष्यभर लावायला डॉक्टरही कचरायचे.

मग मर्यादा ३५० झाली, ५०० झाली, आणि २०१७ पासून आपल्याकडे अटच गेली. चाचणी पॉझिटिव्ह आली की औषध, सीडी४ कितीही असो. त्यामागे २०१५ चा 'स्टार्ट' अभ्यास आहे. सीडी४ ५०० च्या वर असलेले ४,६८५ जण घेतले. निम्म्यांना लगेच औषध, निम्म्यांना ३५० पर्यंत थांबून. लगेच सुरू करणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्क्यांनी कमी. वाद तिथे संपला.

आता टीबी किंवा क्रिप्टोकॉकसची (मेंदूच्या आवरणाला होणारा बुरशीचा संसर्ग) शंका नसेल तर त्याच दिवशी, नाहीतर आठवड्याच्या आत पहिली बाटली हातात देतात. सीडी४ करायचाच, पण त्याचा रिपोर्ट यायचा आहे म्हणून गोळी अडवून धरायची नाही.

---

खडूस_काका

मोगराताईंनी 'गोळ्या मोजक्या होत्या' असं दोन शब्दांत उरकलं. त्या मोजक्या का होत्या तेही येऊ द्या.

२००० च्या सुमाराला तीन औषधांचा खर्च माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने, म्हणजे युसूफ हमीद यांनी, तोच तिहेरी संच 'मेदसाँ साँ फ्राँतिए' या डॉक्टरांच्या मदतसंस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एक डॉलरच्या आत. हे जमलं कारण १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, बनवण्याच्या पद्धतीवर होतं. पद्धत बदला आणि बनवा. २००५ ला कायदा बदलला, पण तोवर गाडी सुटली होती. आज मिळते ती तीन औषधांची एक गोळी २०२३ मध्ये जागतिक खरेदीत माणशी वर्षाला ४५ डॉलरच्या खाली उतरली. आफ्रिकेतल्या आयुर्मानाचे वर चढलेले आलेख बघताना गोव्या-पाताळगंगेकडच्या गोळ्यांचे कारखानेही आठवावेत.

---

गोळीबंद

काका, +१.

आता त्या एका गोळीबद्दल. नाव टीएलडी. टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ, डॉल्युटेग्रॅव्हिर ५० मिग्रॅ. दिवसातून एक, रिकाम्या पोटी किंवा जेवून, कसंही चालतं. आधीच्या टीएलईमध्ये डॉल्युटेग्रॅव्हिरच्या जागी एफाव्हिरेन्झ ६०० होतं. त्याने चक्कर आणि चित्रविचित्र स्वप्नं पडायची म्हणून ती झोपताना घ्यावी लागे. टीएलडीचं उलटं, काहींची झोप उडते. त्यांनी सकाळी घ्यावी.

प्रत्यक्षात गडबड होते ती या ठिकाणी:

अँटासिड. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पांढरं किंवा गुलाबी औषध डॉल्युटेग्रॅव्हिरला पोटातच पकडून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच, फक्त तिथे एक सवलत आहे: भरपेट जेवणासोबत दोन्ही एकदम घेतल्या तर चालतं. गरोदर बाईला लोह, कॅल्शियम आणि टीएलडी तिन्ही असतात, तिथे हे वेळापत्रक कागदावर लिहूनच द्यावं.

मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी. डॉल्युटेग्रॅव्हिरमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते. दिवसाला १००० मिग्रॅच्या वर जायचं नाही.

वेदनाशामकं. टेनोफोव्हिर मूत्रपिंडावर आधीच थोडा भार टाकतं. त्यात गुडघेदुखीसाठी दुकानातून रोज डायक्लोफेनॅक म्हणजे भाराचा डोंगर. आणि औषध बदलल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम जोखायचा रक्तातला आकडा) जरासं वर दिसलं तर लगेच घाबरू नये. डॉल्युटेग्रॅव्हिर क्रिएटिनिनची बाहेर पडायची एक वाट अडवतं, त्यामुळे आकडा वाढतो, मूत्रपिंड बिघडलेलं नसतं. मात्र तो चढतच राहिला तर टेनोफोव्हिरकडे बोट दाखवायचं.

बाटलीतली छोटी पुडी फेकू नका. कोकणातल्या पावसाळ्यात तीच गोळी कोरडी ठेवते.

---

नळी_थेंब

सीडी४ आणि व्हायरल लोड यांची सरमिसळ होतेय म्हणून प्रयोगशाळेच्या बाजूने थोडं.

सीडी४ म्हणजे एका घनमिलिमीटर रक्तात संरक्षक पेशी किती, निरोगी माणसात साधारण ५०० ते १५००. व्हायरल लोड म्हणजे एका मिलिलिटर प्लाझ्मात विषाणूच्या प्रती किती. पहिला आकडा सांगतो किती नुकसान झालंय, दुसरा सांगतो औषध काम करतंय का. सीडी४ साध्या तापाने, अगदी रक्त सकाळी काढलं की संध्याकाळी यानेही शंभराने हलतो. ६२० चा ५४० झाला म्हणून रात्र जागवण्यात अर्थ नाही.

व्हायरल लोड सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि नंतर वर्षातून एकदा. १००० च्या खाली असेल तर कार्यक्रमाच्या भाषेत 'दबलेला'. कधी अचानक ८० किंवा १५० येतो आणि पुढच्या वेळी पुन्हा गायब, त्याला ब्लिप म्हणतात, औषध हरलं असा अर्थ नाही. १००० किंवा जास्त आला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी तीन महिने नेटाने समुपदेशन, मग पुन्हा चाचणी. तरीही वरच असेल तर फाईल राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे जाते आणि दुसऱ्या फळीची औषधं सुरू होतात. तीही मोफत, तिसऱ्या फळीचीसुद्धा.

---

सातबारा

विषाणू जर 'सापडतच नाही' तर मग गोळी जन्मभर का? वर्षानुवर्षं निगेटिव्हसारखं असलेल्याने महिनाभर विश्रांती घेतली तर बिघडतं कुठे? प्रश्न मुद्दाम विचारतोय, हा युक्तिवाद गावोगावी चालतो. आणि नेमका याच वेळी कुणीतरी काढा घेऊन उभा असतो.

---

नळी_थेंब

'सापडत नाही' म्हणजे रक्तात सापडत नाही. विषाणू आपली प्रत काही दीर्घायुषी सीडी४ पेशींच्या जनुकांत शिवून ठेवतो. ती पेशी झोपलेली असते. औषध धावत्या विषाणूवर चालतं, झोपलेल्यावर नाही. गोळी थांबली की यांतल्या काही पेशी जाग्या होतात आणि बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत आकडा पुन्हा दिसू लागतो. सीडी४ मात्र इतक्या लवकर पडत नाही, माणूस महिनाभर ठणठणीत असतो, आणि श्रेय काढ्याला जातं.

विश्रांतीचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. 'स्मार्ट' अभ्यास, २००६, ५,४७२ जण. सीडी४ चांगला असेपर्यंत औषध बंद, २५० च्या खाली गेला की पुन्हा चालू. थांबणाऱ्यांत संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती पडली की डोकं वर काढणारे) किंवा मृत्यूचा धोका २.६ पट. शिवाय हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचे आजारही त्याच गटात वाढले, ज्यांचा एचआयव्हीशी संबंध आहे असं तेव्हा कुणी धरतही नव्हतं. अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

---

गोळीबंद

त्यात औषधांच्या बाजूची भर. अर्धवट घेणं काही बाबतीत पूर्ण न घेण्यापेक्षाही घातक. लॅमिव्हुडिनला निकामी करायला विषाणूच्या एका विकराच्या १८४व्या जागेवरचा एकच बदल पुरतो. एफाव्हिरेन्झ शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं, म्हणजे तिन्ही एकदम थांबवली तरी शेवटी ते एकटंच मैदानात उरतं आणि विषाणू त्याच्यावर तालीम करून घेतो. डॉल्युटेग्रॅव्हिर या बाबतीत फार चिवट आहे, म्हणून टीएलडी आल्यापासून चुकलेल्या गोळ्या थोड्याफार पचतात. पण ही सवलत रुग्णाला सांगायची नसते ;-)

आणि एक गोष्ट, जी सगळ्यांना माहीत असायला हवी. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन कावीळ-बी वरही चालतात. ज्याला दोन्ही विषाणू आहेत त्याने टीएलडी अचानक सोडली तर कावीळ-बी उसळून यकृत काही आठवड्यांत कोसळू शकतं. सुरुवातीच्या रक्त तपासणीत एचबीएसएजी (कावीळ-बीची चाचणी) असते ती यासाठी. तो रिपोर्ट केंद्राच्या हिरव्या पुस्तिकेत लिहिलाय का ते प्रत्येकाने एकदा बघून घ्या.

---

मोगरा७

गोळी चुकली तर: आठवल्यावर घ्या, पुढच्या गोळीची वेळ जवळच आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम नाहीत.

केंद्रावर गोळ्या मोजतात त्याचा हिशेबही सांगते, कारण लोकांना तो पोलिसी चौकशी वाटतो. बाटलीत ३०, माणूस २८व्या दिवशी आला. शिल्लक २ हव्यात. निघाल्या ४. म्हणजे २८ पैकी २६ घेतल्या, ९३ टक्के. लक्ष्य ९५ च्या वर. दोनच गोळ्या, पण प्रश्न विचारायला पुरेशा: कोणत्या दोन? उत्तर बहुतेकदा ठरलेलं: लग्नाचा दिवस, प्रवासाचा दिवस, पाहुणे मुक्कामी असल्याचा दिवस. म्हणजे विसर कमी, लपवाछपवी जास्त. त्यावर गजर लावून उपयोग नाही, दोन गोळ्या पाकिटात वेगळ्या ठेवणं हाच उपाय. शिल्लक शून्य असेल तर शाबासकी देऊ नये, जास्तीच्या दोन कुठे गेल्या ते विचारावं. येण्याआधी डबा रिकामा करणारेही असतात.

सर्वांत मोठी गळती स्थलांतराची. बीडकडून ऊसतोडीला निघालेली टोळी दिवाळीच्या आसपास घर सोडते ती एप्रिलपर्यंत परतत नाही. स्थिर रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, पण हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणून निघण्याआधी केंद्रावर सांगून कारखान्याजवळच्या एआरटी किंवा लिंक एआरटी केंद्राचं (मोठ्या केंद्राला जोडलेलं छोटं केंद्र) नाव घ्यायचं, पुस्तिका सोबत न्यायची. न सांगता गेलेला माणूस नोंदीत 'बेपत्ता' होतो आणि परततो तेव्हा बहुधा वजन उतरलेलं, खोकला लागलेला. चौकशीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन, मराठीत बोलतात.

---

पांढरपेशी

खोकल्यावर आलोच आहोत तर सातबारांचा पहिला मुद्दा. आपल्याकडे आयुर्मान खरं ठरतं ते पहिल्या सहा महिन्यांत, आणि तिथला मुख्य मारेकरी टीबी.

दर भेटीला चार प्रश्न: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. चारही 'नाही' असतील तर टीबी प्रतिबंधक औषध द्यायचं. आयसोनियाझिड ३०० मिग्रॅ रोज, सहा महिने, सोबत पायांची आग होऊ नये म्हणून बी६. किंवा रिफापेंटिनसह आठवड्यातून एकदा असे बारा डोस. एकही 'हो' असेल तर आधी तपासणी, कारण टीबी असताना एकटं आयसोनियाझिड म्हणजे प्रतिकार वाढवणं.

टीबी निघालाच तर आधी टीबीचं औषध, मग दोन आठवड्यांच्या आत एआरटी. मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा क्रिप्टोकॉकस असेल तर मात्र मुद्दाम काही आठवडे थांबतात, कारण कवटीत सूज वाढायला जागा नसते.

ही सूज म्हणजे आयरिस. औषध सुरू केलं, व्हायरल लोड कोसळला, सीडी४ वाढायला लागला आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसाला उलट जोरात ताप, मानेला गाठी. घरचे म्हणतात गोळी बाधली, आणि बंद करतात. खरं तर झोपलेलं सैन्य उठून आधीच लपलेल्या जंतूवर तुटून पडलेलं असतं. इथे गोळी न थांबवता केंद्र गाठायचं. ही एक गोष्ट पहिल्या दिवशी नीट सांगितली तर किती जण वाचतील!

टीबीच्या उपचारातल्या रिफॅम्पिसिनचा एक पेच गोळीबंद सांगतील.

---

गोळीबंद

रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की डॉल्युटेग्रॅव्हिर लवकर जळून जातं. म्हणून सकाळी टीएलडी आणि बारा तासांनी ५० मिग्रॅची डॉल्युटेग्रॅव्हिर वेगळी. टीबीचा कोर्स संपल्यावरही ही जादा गोळी दोन आठवडे चालू ठेवायची, कारण यकृताचा वेग लगेच ओसरत नाही. खासगीत टीबीचं औषध घेणाऱ्यांत ही जादा गोळी हमखास राहते, तिथला डॉक्टर आणि एआरटी केंद्र एकमेकांना माहीतच नसतात.

सीडी४ ३५० च्या खाली असेल तर कोट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाची डबल-स्ट्रेंग्थ गोळी रोज, इतर जंतू टाळायला. स्वस्त आहे म्हणून तिला कुणी किंमत देत नाही.

---

खडूस_काका

आयुर्मानाचे आकडे विम्यालाही लागतात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार विमा नाकारणं किंवा वेगळी वागणूक देणं हा भेदभाव आहे, अपवाद एकच, गणिती अभ्यासाचा आधार असेल तर. म्हणजे 'आम्ही एचआयव्हीला देत नाही' हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. नकार लेखी मागावा, कारणासह. धागाकर्तीने वर दिलेला सीडी४ नुसारचा फरक बघितला तर सगळ्यांना एकाच मापाने मोजणारा नकार गणितातही टिकायला अवघड आहे.

---

लगोरी

उत्तम धागा. एक राहिलंय: 'सापडत नाही म्हणजे लागत नाही' हे कितपत खरं? आणि साठीनंतरचं काय?

---

पांढरपेशी

लगोरी, लैंगिक संबंधांबाबत पूर्ण खरं. २०११ चा 'एचपीटीएन ०५२', १,७६३ जोडपी, त्यात पुण्याचंही केंद्र होतं. लवकर औषध दिल्यावर जोडीदाराला लागण ९६ टक्क्यांनी कमी. नंतरच्या 'पार्टनर' अभ्यासात विषाणू २०० च्या खाली दबलेल्या जोडीदाराकडून लागण शून्य. फक्त हे स्तनपानाला जसंच्या तसं लावू नये. तिथे धोका खूप कमी होतो, शून्य म्हणता येत नाही, म्हणून बाळाचं औषध आणि तपासण्या वेगळ्या.

साठीनंतरचं चित्र तितकं गुळगुळीत नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात आयुष्यातलं अंतर ९ वर्षांवर आलं होतं, पण मोठे आजार नसलेली वर्षं मोजली तर अंतर १६ चं. विषाणू दबला तरी बारीक दाह धुमसत राहतो आणि रक्तवाहिन्या लवकर म्हाताऱ्या होतात. २०२३ च्या 'रिप्रीव्ह' चाचणीत, भारतही त्यात होता, ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ जणांत रोज ४ मिग्रॅ पिटाव्हास्टॅटिनने हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्याने केंद्रावर फक्त गोळ्या घेऊन परतू नये. बीपी, साखर, लिपिड आणि वजन. टीएलडीवर वजन वाढतं, तेही लक्षात ठेवून. आणि तंबाखू. मिश्री धरून.

---

सातबारा

मिश्रीचं बरं काढलंत. गोळीबंद, शेवटचा प्रश्न: रात्रपाळीवाल्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याने 'रोज एकाच वेळी' कसं पाळायचं?

---

गोळीबंद

घड्याळाला न बांधता, पाळी बदलली तरी ज्या वेळी तो जागाच असतो अशा तासाला बांधायचं. तीन पाळ्यांत तो तास बहुतेकदा संध्याकाळी सहा-सात असतो. दोन-तीन तास इकडेतिकडे झाले तर टीएलडीला फरक पडत नाही. फक्त चहासोबत अँटासिडची सवय असेल तर ती तिथून हलवायची.